दादाभाईंचं फिन्सबरी: जयंतीच्या मेसेजमध्ये काय काय चुकतं

दादाभाई नौरोजींच्या जयंतीला, म्हणजे ४ सप्टेंबरला, हमखास फिरणारा मजकूर साधारण असा असतो: १८९२ मध्ये लंडनच्या जनतेने दादाभाईंना पहिल्याच प्रयत्नात, अवघ्या ३ मतांनी संसदेत पाठवलं, ते तिथले पहिले आशियाई खासदार, आणि पुढे जवळपास शंभर वर्षं दुसरा भारतीय तिथे पोचलाच नाही. यातलं धड शाबूत राहतं ते फक्त साल.

‘लंडनने निवडलं.’ लंडनच्या एका तुकड्याने निवडलं. १८३२ च्या संसदीय सुधारणेत लंडनमधला फिन्सबरी हा दोन खासदारांचा मतदारसंघ झाला. १८८५ च्या फेररचनेत तो मोडला आणि त्यातून एकेका जागेचे मतदारसंघ निघाले. दादाभाईंच्या वाट्याला आलेला सेंट्रल फिन्सबरी म्हणजे मुख्यतः क्लार्कनवेल, घड्याळजी, जवाहिरे आणि छापखान्यातल्या कामगारांची वस्ती.

‘जनतेने.’ बायकांना मत नव्हतंच. पुरुषांनाही सरसकट नव्हतं. घर ताब्यात असलेल्याला १२ महिन्यांचं सलग वास्तव्य दाखवावं लागे. खोली घेऊन राहणाऱ्या भाडेकरूला वर्षाला किमान १० पौंड भाड्याची (फर्निचर न धरता) खोली हवी, वर दरवर्षी नव्याने अर्ज. क्लार्कनवेलसारख्या भागात माणसं सारखी बिऱ्हाड बदलत, आणि बिऱ्हाड हललं की बहुधा मतदारयादीतलं नावही गळत असे. त्यामुळे खरी लढाई मतदानाच्या आधीच होई: आपल्या बाजूच्या भाडेकरूंचे अर्ज भरून घ्यायचे, समोरच्यांच्या नावांवर हरकती घ्यायच्या आणि यादी तपासणाऱ्या बॅरिस्टरपुढे भांडायचं. सभा गाजवून हे काम होत नाही; त्याला दारोदार फिरणारे कार्यकर्ते लागतात. १८९२ मध्ये दोन्ही उमेदवारांची मिळून मतं पडली ५,९१७. एवढीच ती ‘जनता’.

‘३ मतांनी.’ आधी ३ चा फरक जाहीर झाला हे खरं, पण फेरमोजणीत तो ५ झाला: दादाभाई २,९६१, हुजूर पक्षाचे फ्रेडरिक पेंटन २,९५६. पाचाच्या फरकात धाकधूक का असते? १८७२ च्या कायद्याने मतदान गुप्त झालं, तरी मतपत्रिकेच्या मागे क्रमांक असे आणि तोच स्थळप्रतीवर, म्हणजे मतपत्रिका फाडून दिल्यावर पुस्तकात उरणाऱ्या तुकड्यावर. स्थळप्रतीवर मतदाराचा यादीतला क्रमांकही लिहिला जाई. निकालाला आव्हान मिळालं तर न्यायाधीशांपुढे अपात्र माणसाचं मत शोधून वजा करता येई. म्हणजे भाडेकरूंच्या पाच-सहा नोंदी खोट्या निघाल्या तरी जागा गेली असती. ती दादाभाईंकडेच राहिली.

‘पहिल्याच प्रयत्नात.’ छे. १८८६ मध्ये ते होल्बर्नमधून पडले होते. तो मतदारसंघही जुन्या फिन्सबरीतूनच निघालेला. मग सेंट्रलची उमेदवारी घ्यायची तर लिबरल पक्षातच प्रतिस्पर्धी उभे राहिले. १८८८ मध्ये पंतप्रधान सॉल्सबरींनी एडिंबरामध्ये त्यांना ‘काळा माणूस’ म्हटलं. त्या उद्गाराने दादाभाईंचं नाव अख्ख्या देशात पोचवलं, हा भाग वेगळा.

‘पहिले आशियाई.’ इथे अट घालावी लागते. उत्तर हिंदुस्थानातल्या सरधना जहागिरीच्या बेगम समरूचा वारस डेव्हिड ऑक्टरलोनी डाइस सोम्बर १८४१ मध्ये सफोकमधल्या सडबरीतून निवडून आला होता. त्याचा वंश मिश्र, युरोपीय आणि हिंदुस्थानी. म्हणून काही जण त्याला मोजत नाहीत. पण लाचखोरीमुळे १८४२ मध्ये निवडणूकच रद्द झाली आणि १८४४ मध्ये सडबरीचा प्रतिनिधी पाठवण्याचा हक्कच काढून घेतला गेला. ‘निवड टिकलेले पहिले भारतीय’ असं लिहा, वाद मिटतो.

‘शंभर वर्षं कोणी नाही.’ हा सगळ्यात ढोबळ घोटाळा. १८९५ मध्ये दादाभाई पडले, त्याच निवडणुकीत मुंबईचेच मंचरजी भावनगरी बेथनल ग्रीन नॉर्थ-ईस्टमधून निवडून आले, तेही हुजूर पक्षातर्फे, आणि १९०० मध्ये पुन्हा. १९२२ मध्ये बॅटरसी नॉर्थमधून कम्युनिस्ट शापूरजी सकलातवाला आले. जमशेटजी टाटा त्यांचे मामा.

सेंट्रल फिन्सबरी १९१८ मध्ये संपला. आधी एकसंध फिन्सबरी, १९५० पासून शोरडिच अँड फिन्सबरी, १९७४ पासून इस्लिंग्टन साउथ अँड फिन्सबरी. या शेवटच्यात इस्लिंग्टनचा मोठा भाग आहे, त्यामुळे तिथल्या आजच्या खासदाराला ‘दादाभाईंच्या जागेवरचा’ म्हणायचं तर अर्धवटच म्हणता येईल.