फुटलेली बशी आणि 'से मे'

बशी साधी पांढरी, काठाचा टवका आधीच उडालेली. ती फुटली याचं मला दुःख नाही. तिचे आठ युरो माझ्या डिपॉझिटमधून कापले गेले, याचं आहे. तेही स्पॅनिश व्याकरणापायी.

स्पेनमधल्या व्हॅलेन्सियातल्या त्या स्वयंपाकघरात मी घरमालकीणबाईंना पुस्तकाबरहुकूम कळवलं, 'रोम्पी एल प्लातो.' मी बशी फोडली. कर्ता क्रियापदाच्या पोटात, कर्म मागे, सगळं जागच्या जागी. बाईंनी विचारलं, 'पोर् के?'

का! म्हणजे मी मुद्दाम फोडली, असंच त्यांनी धरलं. कोपऱ्यात त्यांचे बंधू संत्रं सोलत बसले होते. नळ बघायला आलेले; नळाकडे शेवटपर्यंत पाहिलं नाही. ते म्हणाले, 'एस्तारिया एन्फादादो.' चिडलेला असेल. रूप संकेतार्थाचं, काम भूतकाळाबद्दल अंदाज बांधण्याचं. मी समोर उभा, पायाशी काचा, आणि माझ्याबद्दल तृतीयपुरुषी तर्क चाललेले! बाई म्हणाल्या, 'तेन्द्रिया आम्ब्रे.' भूक लागली असेल. बंधूंनी एक फोड तोंडात टाकली, सावकाश चावली. 'नो. एन्फादादो.' ठराव मंजूर.

म्हणायला हवं होतं, 'से मे रोम्पियो एल प्लातो.' अहो, हे तर आपलंच: माझ्या हातून बशी फुटली! 'से' म्हणजे गोष्ट आपोआप घडली, 'मे' म्हणजे झळ मला बसली, आणि क्रियापद चालतं बशीच्या तालावर. बशा अनेक असतील तर 'से मे रोम्पिएरोन लोस प्लातोस'. भात करपला, 'से मे केमो एल आर्रोथ'. आपल्या घरातलं तेल संपलं, 'से नोस आकाबो एल आथेइते'. 'मी'वर जोर द्यायचा तर आधी 'आ मी' लावायचं. तिथे 'यो' घातलं की वाक्य मोडलंच.

पण आपण स्पॅनिश शिकतो इंग्रजीतल्या पुस्तकांतून. तिथे 'मे गुस्ता एल काफे' शिकवताना 'हे क्रियापद उलटं चालतं, घाबरू नका' असा धीर देतात. मला कॉफी आवडते, यात उलटं काय? मराठी पोराला आधी इंग्रजीत उलटं करायचं आणि मग स्पॅनिशसाठी सुलट, त्याची फी वेगळी. धोका खरा आहे तो मसुरीत. आपल्याला मसूर 'आवडते', त्यांना 'आवडतात': 'मे गुस्तान लास लेन्तेखास'. भांडंभर मसूर त्यांच्या लेखी अनेकवचनीच.

स्पॅनिशमध्ये 'असणे'साठी क्रियापदं दोन, 'सेर' (रूप 'एस') आणि 'एस्तार' (रूप 'एस्ता'); त्यांच्यापुढे मात्र आपलं एकुलतं 'आहे' लंगडं पडतं. सफरचंद 'एस बेर्दे' म्हणजे हिरव्या जातीचं, 'एस्ता बेर्दे' म्हणजे अजून कच्चं. पुस्तक म्हणतं, कायमचं असेल तर 'सेर', तात्पुरतं असेल तर 'एस्तार'. मग मेलेल्या माणसाला 'एस्ता मुएर्तो' का म्हणतात? तो काय संध्याकाळी उठणार आहे?