चाकं असलेली पेटी

तीन आठवडे झालेत, तरी रस्त्यात कोणी शीळ घातली की माझे कान अजून तापतात.

थोडक्यात सांगतो. जानेवारीत नेदरलँड्समध्ये सूर्य नसतो. साताऱ्याहून आलेल्या आईला ऊन हवं होतं, मला स्वातंत्र्य हवं होतं, आणि बायकोला आमच्या दोघांपासून चार दिवस सुटका हवी होती. ती तिला मिळाली नाही. तेनेरीफला मोटरहोम भाड्याने घेतलं, बोटीत चढवलं आणि तासाभरात ला गोमेरा बेटावर उतरलो. स्पेनच्या कॅनरी बेटांमधलं हे गरीब, गप्प भावंड. तेनेरीफवरचा तेइदे ज्वालामुखी ३,७१५ मीटर उंच आणि अजून जागा आहे. गोमेरावरची आग सुमारे २० लाख वर्षांपूर्वीच विझली. उरलाय तो काळा कातळ, खोल दऱ्या आणि पोटातलं सगळं वर आणणारी वळणं.

"हे तर आपल्या पसरणीच्या घाटासारखंच आहे," आई म्हणाली. मी कौतुकाने सांगितलं की बरोबर, हाही बसाल्ट आणि आपला सह्याद्रीही बसाल्टच. "मग एवढे पैसे घालून तोच दगड बघायला आणलंस?" याला उत्तर नसतं.

आता मुद्द्याचं. मोटरहोमच्या फोटोत मागचं दार उघडं असतं, समोर निळा समुद्र, गादीवर दोन गोरी पावलं आणि कॉफीचा मग. संडासाखालची पेटी एकाही फोटोत नसते. घर घेऊन फिरायचं म्हणजे घराची मोरीही घेऊन फिरायची, हे कोणी सांगत नाही. पेटीत मावतात अठरा लिटर. आम्ही तिघं. दुसऱ्या संध्याकाळीच लाल दिवा लागला. भाड्याने देणारा पोरगा म्हणाला होता, रिकामी करायची सोय ठिकठिकाणी आहे. ठिकठिकाणी म्हणजे कुठे, हे मी विचारलं नव्हतं. (कोलंबससुद्धा १४९२ साली अमेरिकेकडे निघताना याच बेटावर थांबून पाणी भरून गेला. रिकामं कुठे केलं, यावर इतिहास गप्प आहे.)

गराहोनायच्या जंगलात धुक्याने झाडं गळत होती, थंडीने आम्ही. दिवसभर शोधून काही सापडलं नाही. शेवटी उत्तरेकडच्या एका दरीतल्या खेड्यात गाडी थांबवली आणि चौकातल्या सार्वजनिक शौचालयाकडे पेटी घेऊन निघालो. पेटीला चाकं असतात आणि ओढायला लांब दांडाही. फरसबंदीवरून खडखड करत मी तिथवर पोचलो, तर दाराला कुलूप.

बाकावर एक आजोबा बसले होते. ऐंशीच्या पुढचे, डोक्यावर टोपी, स्वेटरची सगळी बटणं लावलेली. त्यांनी आधी मला पाहिलं, मग पेटीला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी माया दाटून आली ती मी जन्मात विसरणार नाही.

"मालेता!" ते म्हणाले. मालेता म्हणजे सूटकेस, एवढं मला येत होतं.

"नो मालेता," मी म्हणालो.

"सी, सी, मालेता!" आणि उठून त्यांनी दांड्याला हात घातला. मी सोडेना, ते सोडेनात. त्यांच्या लेखी मी शेवटच्या बसमधून उतरलेला, मुक्काम न मिळालेला, भिडस्त परदेशी. ते पेटी ओढतात, आत डुचमळतं, ते कौतुकाने मान हलवतात. बहुधा दारू आणलीय असं वाटलं असावं. मागून आई आली. दोन मिनिटं ऐकून म्हणाली, "त्यांना कळलंय रे. मघापासून शी, शी म्हणतायत."

"आई, स्पॅनिशमध्ये सी म्हणजे हो."

"आपल्यात तर लहान पोरालाही कळतं काय ते."

तेवढ्यात आजोबांनी दुमडलेलं बोट तोंडात घातलं आणि शीळ घातली. शीळ म्हणजे कट्ट्यावरची नव्हे. या बेटावर सिल्बो नावाची शिट्टीची भाषा आहे. स्पॅनिशमधलं कुठलंही वाक्य शिट्टीत बसवून दरीपलीकडे दोन-तीन किलोमीटर पाठवतात. १९९९ पासून शाळेत सक्तीने शिकवतात, २००९ मध्ये युनेस्कोने मानवतेचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून तिचा गौरव केला. हे सगळं मी येताना वाचलं होतं आणि 'ऐकायला मिळालं पाहिजे' असं म्हणालोही होतो. समोरच्या उतारावरून उत्तर आलं. पाच मिनिटांत एक मुलगा आला आणि पेटी घेऊन चालू लागला.

उतारावरच्या घरात एका बाईंनी खोली तयार केली होती. पलंगावर स्वच्छ पांढरी चादर. मुलगा पेटी उचलून त्या चादरीवर ठेवणार, तेव्हा मी ओरडलो. सगळे थबकले. भाषा संपली होती. मी नाक धरलं, पेटीकडे बोट दाखवलं आणि त्या बाईंसमोर, आईसमोर, उकिडवा बसलो.

बाईंना समजलं. त्या हसल्या नाहीत. शांतपणे न्हाणीघर दाखवलं, पेटी रिकामी करू दिली, वर ताडगुळासारख्या मधाची बाटली दिली. माडाच्या जातीच्या झाडाचा रस आटवून करतात. आईने चाटून "काकवी" असा निकाल दिला. मग बाई अंगणात गेल्या आणि चौकातल्या आजोबांना खुलासा कळवला. शिट्टीत.

दरीतून आधी एक हसू आलं. मग पलीकडून दुसरं. मग कुठल्यातरी वरच्या मळ्यातून, जिथे माणूसही दिसत नव्हता, तिसरं. परतीच्या वाटेवर आई एवढंच म्हणाली, "गावी संडास परसात आहे म्हणून लग्नाआधी लाजायचास. आता हातात घेऊन फिरतोस."

आणि एवढं करून, गाडी परत करताना त्या पोराने अनामत रकमेतून शंभर युरो कापले. कारण: पेटी नीट धुतलेली नाही. मी भांडलो. त्याने फलकावर बोट ठेवलं. शंभर युरोत त्या बाईंच्या पांढऱ्या चादरीवर मी आठवडाभर झोपलो असतो.

परवा घरी वरण लावलं होतं. कुकरची तिसरी शिट्टी झाली तशी आई आतून म्हणाली, "बघ रे, तुझंच चाललंय."