पोथी उघडा, मग इतिहास सांगा

काल यहुदी इतिहासावरच्या एका व्याख्यानाला गेले होते. दीड तासात हिटलर झाला, १९४८ ची इस्रायलची स्थापना झाली, मोसाद या त्यांच्या हेरसंस्थेच्या कारवाया झाल्या. टाळ्याही भरपूर. वक्त्यांचा अभ्यास होता, त्यात शंका नाही. पण ज्या ग्रंथांच्या आधारावर हा समाज देशोदेशी विखरूनही टिकला, त्यातली एक ओळ कुणी वाचली नाही. मला ते फार लागलं.

साठ लाख माणसं मारली गेली, ते सांगायलाच हवं. पण एखाद्या समाजाची ओळख फक्त त्याच्या मारेकऱ्यांवरून आणि हेरांवरून करून द्यायची?

लोकांपुढे ग्रंथ वाचून अर्थ सांगणं ही तर त्यांची फार जुनी रीत. हिब्रू बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकात, आठव्या अध्यायात आहे बघा. यरुशलेमात पाणीवेशीसमोर लोक जमलेत. एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र, म्हणजे तोरा, वाचतो, लेवी म्हणजे मंदिराचे सेवक अर्थ उलगडून सांगतात. बाया, पुरुष, जाणती पोरं, सगळे कान देऊन ऐकतात आणि ऐकता ऐकता रडू लागतात. पुढे अरामी बोलीभाषा झाली, तेव्हा सभास्थानात तोराची एक ओळ हिब्रूत वाचायची, दुभाष्याने ती अरामीत सांगायची, मग पुढची ओळ. मिश्ना या त्यांच्या जुन्या नियमसंग्रहात तसा नियमच आहे.

हीच रीत आपल्या मराठीत आली. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी यहुदी, शब्बाथ म्हणून शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावात त्यांचं नाव ‘शनवार तेली’. त्यांच्यातल्या मंडळींनी १८८० च्या सुमारास मुंबईत चक्क कीर्तनं सुरू केली. साकी, दिंडी सगळं आपलंच, आख्यान मात्र अब्राहामाचं, योसेफाचं, मोशेचं. काल याचा साधा उल्लेख नाही!

१८७४ साली पुण्यात हग्गादा नावाची पोथी छापली गेली. मिसरच्या गुलामगिरीतून झालेल्या सुटकेची कथा, पेसाह या सणाच्या रात्री घरोघरी वाचायची. त्यात हिब्रू आहे आणि सोबत मराठी अर्थ. एका चित्रात बायका लुगडी नेसून जमिनीवर बसल्यात, बेखमीर रोट्या करताहेत. आमच्याकडे पापडाला बसतात तशाच. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या चित्राकडे बघत बसले होते.

त्या रात्री कथा सुरू होते ती घरातल्या लहान मुलाच्या प्रश्नाने: ‘ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का?’ आणि प्रश्न विचारणं फक्त पोरांपुरतं नाही. तालमूद या त्यांच्या धर्मचर्चेच्या ग्रंथात हिल्लेल आणि शम्माई या दोन गुरूंच्या शिष्यपरंपरांचे वाद पानोपानी आहेत. निकाल बहुतेक वेळा हिल्लेलकडे, तरी शम्माईकडचं मत पुसलेलं नाही.

आयोजकांना हे सगळं बोलले. ‘पुढच्या वेळी बघू, ताई,’ म्हणाले. नक्की बघा. मुंबईत, ठाण्यात बेने इस्राएल कुटुंबं आजही आहेत, मराठी बोलणारी. त्यांच्यातल्या कुणा जाणत्याला बोलवा, हग्गादेचं एक पान श्रोत्यांच्या हातात द्या, आधी हिब्रू वाचू द्या, मग मराठी. झेरॉक्सचा खर्च माझा.