‘भारतीय खलाशांनी पूल पाडला’: इंजिन रूममधल्या एका माणसाचं उत्तर

26 मार्च 2024 च्या रात्री अमेरिकेतल्या बाल्टिमोर बंदरातून निघालेलं ‘डाली’ हे कंटेनर जहाज वीज जाऊन भरकटलं आणि फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळलं. काही सेकंदांत पूल पाण्यात गेला. रात्रपाळीला पुलावर खड्डे बुजवायला आलेले सहा कामगार मेले. तेव्हापासून एक मजकूर फिरतोय. इंग्रजीतून हिंदीत आला, हिंदीतून मराठीत, आणि आता आमच्या गावच्या गटावरही येऊन पडलाय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: जहाज भारतीय कॅप्टन चालवत होता, स्वस्तात मिळणाऱ्या भारतीय खलाशांना यंत्रं कळत नव्हती, ऐनवेळी ते गडबडले आणि कुणाला काही न कळवता पुलावर गेले, शिवाय व्हिडिओ नीट बघितला तर जहाज शेवटी वेग वाढवून मुद्दाम वळताना दिसतं, म्हणजे घातपातही असेल, आणि एवढा मोठा पूल एका धक्क्याने पडतोच कसा? सोबत लंगोट नेसून घाबरून ओरडणाऱ्या खलाशांचं एक व्यंगचित्र.

मी बावीस वर्षं जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढली. आमच्या बाजूला, दापोली-गुहागरच्या किनाऱ्यावर, ज्याच्या घरातलं कुणीच कधी बोटीवर गेलं नाही असं घर शोधावं लागतं. हा मेसेज वाचून शेजारच्या एका काकूंनी मला विचारलं, “आपली पोरं खरंच अशी असतात का रे?” त्यांचा मुलगा सध्या मोटरमन, म्हणजे इंजिन रूममधला खलाशी, म्हणून बोटीवर आहे. त्यांना तोंडी जे सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट कॅप्टनची. मोठ्या बंदरातून परदेशी जहाज बाहेर काढताना त्या बंदराचा पायलट जहाजावर चढतो. विमानाचा नव्हे, बंदराचा. खाडीतला गाळ, भरती-ओहोटी, वळणं त्याला तोंडपाठ असतात. बाल्टिमोर ज्या राज्यात आहे त्या मेरिलँडमध्ये हे कायद्यानेच बंधनकारक आहे. त्या रात्री डालीच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या खोलीत, मेरिलँडचे दोन पायलट होते, एक मुरलेला आणि एक शिकाऊ. कुठल्या दिशेला किती वळायचं, इंजिन किती ठेवायचं, हे पायलट सांगतो आणि सुकाणी तसं चाक फिरवतो. कॅप्टन बाजूला उभा असतो आणि जहाजाची अंतिम जबाबदारी त्याचीच राहते, हे मी नाकारत नाही. पण “भारतीय कॅप्टनने नेऊन आदळलं” हे वाक्य ज्याने कधी बंदरातून निघणारं जहाज आतून पाहिलं नाही त्याचंच असणार. दारूचा उल्लेखही काही जण करतात. पायलट आणि खलाशी, सगळ्यांच्या चाचण्या झाल्या आणि त्यांत काहीही सापडलं नाही.

“कुणाला कळवलं नाही” हे तर सरळ खोटं आहे. वीज गेल्यावर पायलटने टग, म्हणजे जहाज ओढणाऱ्या बोटी, मागवले, नांगर टाकायला सांगितला, आणि त्याचा निरोप पायलटांच्या कचेरीतून पुलाच्या पोलिसांपर्यंत गेला. रस्त्याच्या कामामुळे पोलीस पुलाच्या दोन्ही टोकांना आधीच उभे होते. त्यांनी गाड्या अडवल्या, म्हणून धक्का बसला तेव्हा पुलावर वाहतूक नव्हती. इथे आपल्याकडच्या उलट्या मेसेजलाही उत्तर द्यायला हवं. “आपल्या भारतीय कॅप्टनने मेडे देऊन शेकडो अमेरिकनांचे प्राण वाचवले” असंही फिरलं होतं. इशारा दिला तो अमेरिकन पायलटने. आपल्या माणसांवरचा खोटा आळ पुसायला दुसऱ्याचं श्रेय घ्यायची गरज नाही.

आता ते वळणं आणि वेग वाढवणं. जहाज बंदरातून बाहेर पडताना साधारण नऊ नॉट वेगाने चाललं होतं. धडकलं तेव्हा वेग साधारण साडेसहा नॉट होता. म्हणजे वेग कमीच होत गेला. वाढणार कसा? पहिल्याच ब्लॅकआउटला मेन इंजिन बंद पडलं आणि ते शेवटपर्यंत परत सुरू झालं नाही. व्हिडिओत दिसणाऱ्या काळ्या धुराला लोक “इंजिन फुल केलं” असं म्हणतात. थंड डिझेल जनरेटर एकदम लोडवर घेतला की असाच धूर येतो, हे गावात लग्नाच्या मांडवामागे जनरेटर सुरू होताना पाहिलेल्यालाही कळेल. दिवे गेले, आले, परत गेले, परत आले, हेही त्याच व्हिडिओत दिसतं. आणि वळण? सुकाणू पात्याला जोर मिळतो तो पंख्याने मागे फेकलेल्या पाण्याचा. पंखा थांबला की पातं असून नसल्यासारखं होतं. वाऱ्याने, प्रवाहाने, खाडीच्या काठाच्या ओढीने जहाज जिकडे जाईल तिकडे जातं. एक लाख टनांहून जड वस्तू एकदा तिरकी झाली की नांगर टाकूनही शेवटच्या दोन-तीन मिनिटांत काही होत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, एनटीएसबीने, चौकशीअंती हेच लिहिलं: पायलट आणि ब्रिजवरच्या मंडळींनी जहाजाची दिशा बदलायचा प्रयत्न केला, पण पुलाच्या इतक्या जवळ इंजिन गेल्यामुळे त्याचा उपयोग झाला नाही. दहशतवादाशी संबंध असल्याची खात्रीलायक माहिती नाही, हे एफबीआयने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेने, तर त्याच दिवशी सांगितलं होतं. आणि एकाच मेसेजमध्ये खलाशी अडाणीही आणि कटात सामीलही, हे दोन्ही एकदम कसं चालेल, याचा फॉरवर्ड करणाऱ्याने विचार करावा.

मग वीज गेली का? मेसेज म्हणतो, “यंत्रं कळत नव्हती म्हणून.” इथे मला थांबून सांगायचंय, कारण हे माझं क्षेत्र आहे.

जहाज म्हणजे तरंगतं छोटं वीजकेंद्र असतं. जनरेटर उच्च दाबाची वीज बनवतात, ट्रान्सफॉर्मर ती खाली उतरवतो, आणि त्या खालच्या दाबावर दिवे, सुकाणूचे पंप, मेन इंजिनला थंड पाणी देणारे पंप असं सगळं चालतं. त्या ट्रान्सफॉर्मरचा ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारा स्विच, पडला की पंप बंद. थंड पाण्याचा दाब गेला की मेन इंजिन स्वतःला वाचवायला आपोआप बंद होतं. डालीवर हेच झालं. ब्रेकर का पडला, हे शोधायला तपासनिसांना खूप खणावं लागलं. नोव्हेंबर 2025 मध्ये मंडळाने निष्कर्ष जाहीर केला. जहाजावरच्या हजारो तारांपैकी एक सिग्नलची तार टर्मिनल ब्लॉकमध्ये, म्हणजे तारा जोडायच्या खाचांत, पूर्ण आत बसलेली नव्हती. प्रत्येक तारेच्या टोकाशी तिची ओळख सांगणारी छोटी पट्टी चढवलेली असते. ती पट्टी चुकीच्या जागी बसल्यामुळे तार पुरती आत जाऊ शकली नव्हती. वरून सगळं ठीक दिसत होतं. जहाज 2015 साली दक्षिण कोरियात बांधलेलं. त्या सैल जोडाचा संपर्क सुटला, ब्रेकरला वाटलं वीज गेली, आणि तो पडला.

मी स्वतः अशा पॅनेलसमोर पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन रात्री काढल्यात. सैल तार डोळ्यांना दिसत नाही. हाताने प्रत्येक तार ओढून बघावी लागते, नाहीतर उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने पॅनेल तपासावं लागतं, आणि तेवढा वेळ आणि ती साधनं जहाजावर द्यावी लागतात. ही तार न सापडणं म्हणजे अडाणीपणा, असं म्हणणारा माणूस पॅनेलचा दरवाजा उघडून कधी आत डोकावलेला नाही.

ब्लॅकआउटनंतर इंजिन रूममध्ये काय होतं, तेही सांगतो. आधी आवाज जातो. एवढा मोठा आवाज अचानक गेला की पोटात खड्डा पडतो. मग अंधार, मग इमर्जन्सी दिवे, आणि प्रत्येकजण आपापल्या जागेकडे धावतो. डालीच्या पोरांनी साधारण मिनिटाभरात ब्रेकर हाताने परत बसवला आणि वीज आणली. मग पुन्हा गेली. ती दुसऱ्यांदा का गेली, याचं उत्तर मात्र आपल्या बाजूला अवघड आहे. जनरेटरना इंधन पुरवायला फ्लशिंग पंप, म्हणजे इंधनाच्या नळ्या धुवायचा पंप, वापरला जात होता. तो त्या कामासाठी नसतो. वीज गेली की हा पंप बंद पडतो आणि वीज आल्यावर आपोआप सुरू होत नाही. इंधनाचा दाब घसरला आणि जनरेटर बसले. हीच सवय त्याच व्यवस्थापनाच्या दुसऱ्या जहाजावरही होती, आणि मंडळाने सिनर्जी या सिंगापूरच्या व्यवस्थापन कंपनीच्या देखरेखीवर स्पष्ट बोट ठेवलंय. आदल्या दिवशी धक्क्याला असतानाही जहाजावर दोनदा वीज गेली होती, आणि त्यातली पहिली खलाशाने चुकून एक्झॉस्टचा डँपर, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर जायच्या वाटेवरची झडप, बंद केल्यामुळे. ही चूक आहे. मी ती लपवत नाही. पण ती धक्क्यावरची होती, आणि पूल पाडणारी वीज त्या डँपरमुळे गेली नाही. जहाजाच्या सिंगापूरच्या मालक आणि व्यवस्थापक कंपन्यांनी ऑक्टोबर 2024 मध्ये अमेरिकी सरकारला साफसफाई आणि मदतकार्याच्या खर्चापोटी जवळपास 10 कोटी 20 लाख डॉलर द्यायचं मान्य केलं. “स्वस्त खलाशी” म्हणणाऱ्यांनी पंप बदलायचा खर्च कोण ठरवतं, हा प्रश्न आधी विचारावा. मोटरमन ठरवत नाही.

आता पूल. “एवढा मोठा पूल एका धक्क्याने पडतोच कसा?” पूल मार्च 1977 मध्ये उघडला. तो सलग लोखंडी ट्रसचा, म्हणजे त्रिकोणी सांगाड्याचा, आणि दोन मुख्य खांबांमधला गाळा 1200 फुटांचा. अशा पुलाचा एक मुख्य खांब गेला की दुसरी वाट भार घ्यायला उरत नाही. पूल जीर्ण होता म्हणून पडला, असं नाही. खांबाचं रक्षण करायला जे होतं ते तोकडं होतं. आसपास चार लहान डॉल्फिन होते, म्हणजे पाण्यात रोवलेले काँक्रीटचे अडसर, आणि डाली त्यांच्या बाजूनेच आत गेलं.

खरी चीड येते ती पुढच्या गोष्टीची. 1980 साली ऑगस्टमध्ये ‘ब्लू नागोया’ नावाचं कंटेनर जहाज असंच ताबा सुटून याच पुलावर आदळलं होतं. पूल वाचला, कारण जहाज डालीच्या मानाने अगदी लहान होतं. त्याच वर्षी मे महिन्यात फ्लोरिडात टँपाच्या उपसागरात ‘समिट व्हेंचर’ने सनशाइन स्कायवे पूल पाडला आणि 35 माणसं मेली. तिथे नव्या पुलाभोवती भक्कम अडसर बांधले गेले. 1991 मध्ये अमेरिकेच्या महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेने जहाजांच्या धडकेचा धोका मोजायची रीत प्रसिद्ध केली. जहाजं वाढत गेली, डालीसारखी तीनशे मीटरच्या आसपासची जहाजं त्या पुलाखालून जाऊ लागली, पण मेरिलँडच्या वाहतूक प्राधिकरणाने की पुलाचा धोका कधी मोजलाच नाही. मंडळाने नंतर तो मोजला, तेव्हा महत्त्वाच्या पुलांसाठी जी मर्यादा मानली जाते तिच्या जवळपास 30 पट धोका निघाला. मंडळाच्या निष्कर्षात हे संरक्षण नसणं पूल पडण्याचं एक कारण म्हणून नोंदलंय. मार्च 2025 मध्ये त्यांनी 19 राज्यांतल्या 68 पुलांच्या मालकांना आपापल्या पुलांचा धोका मोजायला सांगितलं. त्या 68 पुलांखालून कुठल्या देशाचे खलाशी जातात, याच्याशी त्या गणिताचा काही संबंध नाही.

व्यंगचित्रातल्या त्या खलाशांचं पुढे काय झालं, तेही सांगतो. 21 जणांत 20 भारतीय, एक श्रीलंकेचा. अपघातानंतर ते जहाजावरच राहिले, पुलाचं लोखंड जहाजाच्या नाकावर घेऊन. एप्रिलमध्ये तपास यंत्रणेने त्यांचे फोन नेले, म्हणजे घरच्यांचे नंबर, बँकेची ॲप, सगळंच गेलं. बाल्टिमोरच्या खलाशांसाठी काम करणाऱ्या लोकांनी त्यांना दुसरे फोन आणि सिमकार्डं दिली. 13 मे रोजी जहाजावर पडलेला पुलाचा भाग सुरुंगाने तोडला, तेव्हाही ते आतच होते. 20 मे रोजी जहाज हलवलं गेलं. जूनअखेरीपर्यंत बहुतेकांना घरी जाता आलं नव्हतं. आपला माणूस वेळेवर साइन ऑफ होत नाही, बोटीवरची पाळी संपवून घरी येत नाही, म्हणजे काय, हे आमच्या किनाऱ्यावरच्या बायकांना विचारा.

आणि ज्यांच्यासाठी हा सगळा प्रश्न खरा महत्त्वाचा आहे, ती सहा माणसं मेसेजमध्ये कुठेच नाहीत. मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोर इथून आलेले कामगार. पोटासाठी परमुलखात रात्रपाळी करणारे, आपल्या खलाशांसारखेच. धक्का बसला तेव्हा ते सुट्टीच्या वेळेत आपापल्या गाड्यांत बसले होते. पोलिसांना गाड्या अडवायचा निरोप मिळाला, पण या कामगारांना सावध करायची कुठलीही सोय आधी लावून ठेवलेली नव्हती. मंडळाने लिहिलंय की पोलिसांना कळलं त्याच वेळी त्यांनाही कळलं असतं, तर पुलाच्या न पडलेल्या भागापर्यंत गाडी नेण्याइतका वेळ कदाचित त्यांना मिळाला असता. पोलिसांच्या वायरलेसवरचं त्या रात्रीचं बोलणं उपलब्ध आहे. वाहतूक अडवून झाल्यावर एकजण म्हणतो, वर कामगार आहेत, त्यांच्या मुकादमाला कळवून त्यांना थोडा वेळ खाली उतरवता येईल का बघा. त्यानंतर थोड्याच वेळात दुसरा आवाज सांगतो की पूल पडला.