ट्यूबला सील कुठे मारणार?

गेल्या शनिवारी पहाटे साडेचारला उठलो, थर्मासमध्ये चहा भरला, सव्वा तास गाडी हाणली आणि इथल्या, कॅलिफोर्नियातल्या, एका लेकच्या गेटवर पोचलो. (लेक म्हणजे तळं हो, आमच्या आईला अजून वाटतं मी कुणाच्या तरी लेकीबद्दल बोलतोय.) गेटवरच्या पोराने मागच्या सीटवर कोंबलेली माझी फ्लोट ट्यूब बघितली आणि म्हणाला, सॉरी, ट्यूब अलाऊड नाही. म्हटलं बाबा हात लावून तर बघ, कोरडी ठणठणीत आहे, तीन आठवडे गॅरेजमध्ये टांगलेली होती. तर म्हणे लिस्टमध्ये नाहीये. माझ्या मागे एक ट्रक, त्याला जोडलेली चकचकीत बास बोट (बास नावाचे मासे धरायची मोटरबोट), बोट आणि ट्रेलर यांच्यामध्ये तारेचं सील. पोराने सीलचा नंबर कागदावर टॅली केला आणि बोट आत. मी यू टर्न.

लेकचं नाव लिहीत नाही, कारण त्या पोराची काही चूक नाही, त्याला जे सांगितलंय ते तो करतो. पण चहा गाडीतच गार झाला आणि तेव्हापासून डोकं गरम आहे, म्हणून हे एवढं लिहितोय.

ज्यांना फ्लोट ट्यूब माहीत नाही त्यांच्यासाठी. मी मूळचा इंदापूरकडचा, उजनीच्या बॅकवॉटरला ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी लावणारी माणसं लहानपणापासून बघितलीत. ट्यूबच्या मधल्या भोकाला आडवीतिडवी सुतळी विणलेली, वर पोतं, हातात चपलेएवढ्या दोन फळ्या, तीच वल्ही. संध्याकाळी जाळं टाकायचं, सकाळी चिलापी काढायची. कॅलिफोर्नियातली फ्लोट ट्यूब म्हणजे तोच प्रकार शिकूनसवरून आलेला. पुढून उघडी, इंग्रजी यू सारखी, आत हवेचा ब्लॅडर, वर कापडी कव्हर, बसायला सीट, पाय पाण्यात. अंगात छातीपर्यंतचे वेडर्स म्हणजे पाणी आत न येणारी रबरी विजार, पायात फिन्स म्हणजे बदकाच्या पंजासारखे पसरट रबरी पाय, आणि पाय मारले की माणूस पुढे नाही, मागे जातो. म्हणजे कुठे चाललोय ते दिसत नाही, कुठून आलो ते दिसतं. दोन्ही हात गळाला मोकळे. मांडीवर एक जाळीदार एप्रन, त्यावर इंच छापलेले, मासा तिथेच मोजायचा आणि सोडायचा. इंजिन नाही, पेट्रोल नाही, आवाज नाही. एकदा एक बदक माझ्यापासून हातभर अंतरावर आलं आणि मला ओंडका समजून पुढे गेलं. दीड-दोनशे डॉलरमध्ये सगळं काम होतं, बोट घ्यायची तर त्यापुढे दोन शून्यं लावा, वर ती ठेवायला जागा, ट्रेलर, ओढायला ट्रक. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या माणसाला पाण्याच्या मध्यापर्यंत जायचा याहून स्वस्त रस्ता मला तरी माहीत नाही.

आता नियमांबद्दल. मी नियमांच्या विरोधात अजिबात नाही, आधीच सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये सुरू होतील.

पहिली भानगड पिण्याच्या पाण्याची. कॅलिफोर्नियाच्या हेल्थ अँड सेफ्टी कोडमध्ये ११५८२५ नंबरचं कलम आहे, त्याचा मथितार्थ असा की ज्या जलाशयातलं पाणी घरगुती वापराला जातं तिथे अंगाला पाणी लागेल असली करमणूक नको. काही जलाशयांना अपवाद दिलेत, पण मूळ नियम हा. ठीक आहे, आपण पितो ते पाणी. पण वेडर्स घातलेल्या माणसाच्या अंगाला पाणी लागतं का? रबराच्या आत मी कोरडा असतो, घाम सोडून. बऱ्याच ठिकाणी म्हणतात लागतं, म्हणून ट्यूब बंद. सॅन डिएगोकडच्या काही लेक्सवर मात्र वेडर्स घालून ट्यूब चालत आलीये. राज्य एक, कायदा एक, रबर तेच.

आमच्या इथे २८० हायवेच्या कडेने क्रिस्टल स्प्रिंग्जचं पाणी दिसतं, निळंशार, मैलोन्मैल. त्यात 'हेच हेची' नावाच्या जलाशयाचं, म्हणजे पार योसेमिटीतून पाइपने आणलेलं पाणी असतं, सॅन फ्रान्सिस्को आणि पेनिन्सुलाची तहान भागवायला. तिथे मासेमारी शून्य, बोट शून्य, काठाला कुंपण. सॉयर कॅम्प ट्रेलवरून चालताना त्या कुंपणातून किती वेळा बघितलं असेल, बायको म्हणते मिठाईच्या दुकानाबाहेरचं पोर दिसतोस. पण तिथे माझी तक्रार नाही, कारण तिथे कुणालाच सोडत नाहीत. बोटवाल्यालाही नाही.

दुसरी भानगड शिंपल्यांची आणि ती खरी गंभीर आहे. २००७ च्या जानेवारीत शेजारच्या नेवाडा-ॲरिझोनाच्या सीमेवरच्या लेक मीडमध्ये क्वागा जातीचे शिंपले सापडले. २००८ मध्ये आमच्याकडे हॉलिस्टरजवळ सॅन हुस्टो जलाशयात झेब्रा शिंपले निघाले आणि तो जलाशय लोकांसाठी जो बंद झाला तो झालाच. इथले जुने गळवाले अजून त्याच्या आठवणी काढतात, गेलेल्या माणसाच्या काढाव्यात तशा. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच स्टॉकटन बंदरात गोल्डन मसल नावाचा शिंपला सापडला, मूळ चीन आणि आग्नेय आशियाकडचा, उत्तर अमेरिकेत पहिल्यांदाच. याच प्राण्याने १९९१ पासून दक्षिण अमेरिकेत रिओ दे ला प्लाटाकडून वर सरकत सरकत धरणांचे पाइप बुजवलेत. क्वागाला पाण्यात कॅल्शियम बऱ्यापैकी लागतं त्यामुळे सिएराच्या डोंगरांकडून येणारं मऊ, म्हणजे कमी कॅल्शियमचं पाणी बऱ्यापैकी सेफ धरायचे, याला कमी कॅल्शियमही चालतं. म्हणजे कालपर्यंत जे लेक निर्धास्त होते ते पण आता टप्प्यात. या शिंपल्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, चमचाभर साचलेल्या पाण्यातून प्रवास करतात. म्हणून २०२५ मध्ये एकामागून एक लेकवाल्यांनी दारं लावली, कुठे तीस दिवसांचं क्वारंटाइन, कुठे बाहेरच्या बोटी पूर्ण बंद. क्वारंटाइन म्हणजे बोट ट्रेलरला तारेने बांधून सील करायची, तीस दिवस सील शाबूत राहिलं याचा अर्थ ती दुसऱ्या पाण्यात उतरली नाही. आयडिया चांगली आहे.

पण ट्यूबला सील कुठे मारणार? ट्रेलरच नाही. मग सोपा उपाय काय, ट्यूबच बंद. काही ठिकाणी निदान स्वतः तपासून फॉर्म भरा, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवा असं असतं, ते तरी बरं.

आता माझा एक गुन्हा कबूल करतो. मागच्या वर्षी जूनमध्ये शनिवारी डेल्टात एका स्लूमध्ये, म्हणजे संथ पाण्याच्या फाट्यात, ट्यूब घेऊन उतरलो होतो. डेल्टा म्हणजे स्टॉकटनचंच पाणी, हे मला चांगलं माहीत होतं. दुसऱ्या दिवशी एका मित्राचा फोन, इकडे ये, बास वेड्यासारखे लागतायत. वेडर्स आणि बूट आदल्या दिवशी गुंडाळून डिकीत टाकलेले तसेच घेऊन गेलो. त्या लेकच्या गेटवर एक साठीची बाई होती, उन्हाची टोपी, हातात टॉर्च. तिने विचारलं शेवटचं पाणी कधी? मी बिनदिक्कत म्हणालो, आठ दिवस झाले. तिने काही वाद घातला नाही. ट्यूबच्या कव्हरची चेन उघडून आत हात फिरवला. फिन्सच्या आत, पाय जातो तिथे, टॉर्च मारला. मग बूट उचलला, लेस धरली आणि पिळली. थेंब. टप टप टप, तिच्या टेबलावर. बुटाच्या जिभेखाली बोटं घातली तर डेल्टाचा काळा चिखल आणि एक हिरवा दोरा, शेवाळाचा. तिने माझ्याकडे बघितलं फक्त. मला दहावीत कॉपी पकडली होती तेव्हाही एवढी लाज वाटली नव्हती. "गो होम, ड्राय इट," एवढंच म्हणाली आणि माझ्या मागच्या गाडीला पुढे बोलावलं.

त्या बाईबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. तिने बघितलं आणि नाही म्हणाली. गेल्या शनिवारच्या पोराने न बघताच नाही म्हटलं, हा फरक आहे आणि माझं सगळं भांडण याच फरकाचं आहे. शिंपल्याला काय कळतंय ट्यूब आहे का बोट आहे, त्याला ओल कळते. आणि ट्यूब ही तपासायला जगातली सगळ्यात सोपी वस्तू आहे, चार जागा आहेत, कव्हरची चेन, फिन्स, लेस, बुटाचा तळ, पाच मिनिटं लागत नाहीत. तळाला नमदा (फेल्ट) असेल तर सरळ नाही म्हणा, नमदा लवकर वाळत नाही. बोटीत बिल्ज (तळाची पोकळी), लाइव्हवेल (मासे जिवंत ठेवायची टाकी), इंजिन, पंप, दहा ठिकाणी पाणी दडतं, तरी बोटीसाठी सीलची अख्खी पद्धत बसवली, कारण बोटवाल्यांच्या संघटना आहेत, मरीनाचा धंदा आहे. ट्यूबवाले कोण, कॉलेजची पोरं, रिटायर्ड म्हातारे, माझ्यासारखे अपार्टमेंटवाले. आम्ही मीटिंगला जात नाही. मी तरी कुठे गेलो, फेसबुकवर लिहितोय.

कुणीतरी म्हणेल काठावरून धर मासे. धरतो की. पण उन्हाळ्यात दुपारी मासा खोलात जातो आणि काठावर झाडीत अडकलेले दुसऱ्यांचे गळ मोजत बसावं लागतं. ह्या राज्याच्या घटनेत १९१० पासून लिहिलंय की राज्याच्या सार्वजनिक जमिनींवरून मासे धरायचा लोकांना हक्क आहे. त्याचा अर्थ कुठल्याही जलाशयात उडी मारा असा होत नाही हे मला पण कळतं. फिशिंग लायसन्सला वर्षाचे साठ डॉलरच्या वर भरतो, त्याच्यात गेटवर कुणीतरी माझी लेस पिळावी एवढी तरी अपेक्षा असावी ना.

काल रात्री चुलतभावाला व्हिडिओ कॉलवर हे सगळं सांगितलं. तो अजून उजनीत जाळी लावतो. बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाला, "शिंपल्यासाठी ट्यूब वाळवायची व्हय रं? आन् आमची इथं वर्सानुवर्सं वाळतच न्हाई." मग म्हणाला ती तुझी यू वाली ट्यूब दाखव. गॅरेजमध्ये नेऊन दाखवली. फिन्स बघून हसला, सीट बघून गप्प झाला, पाठ टेकायला हाय का म्हणाला. आहे म्हटलं. त्याने किंमत विचारली, मी रुपयात सांगितली, त्याने एक शिवी दिली.

त्या जूनपासून बुटांवर मास्किंग टेप लावून शेवटच्या पाण्याची तारीख मार्करने लिहितो. आज चोविसावा दिवस आहे. आजूबाजूला कुणाला ट्यूब घेणारा लेक माहीत असेल तर कमेंटमध्ये नको, इनबॉक्समध्ये सांगा.