बटण डिसेबल केलं म्हणून दुबार अर्ज थांबत नाही

ऑनलाइन फॉर्म बनवणाऱ्यांसाठी सध्या फिरणारा सल्ला असा: ‘सबमिटवर क्लिक झालं की बटण डिसेबल करा आणि लोकलस्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या साठवणीत, ‘ट्रू’ लिहून ठेवा. पान रिफ्रेश केलं तरी बटण बंदच राहतं, दुबार नोंद होत नाही, सर्व्हरवर काही करायची गरज नाही.’

यातलं रिफ्रेशचं तेवढं खरं, तेही कोड नीट लिहिला तर. लोकलस्टोरेजमध्ये सगळं स्ट्रिंग म्हणूनच, म्हणजे नुसता मजकूर म्हणून, साठतं. तुम्ही फॉल्स ठेवलं तरी परत येते ती ‘फॉल्स’ ही स्ट्रिंग, आणि रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग जावास्क्रिप्ट खरी मानतं. ती तशीच बटणाच्या ‘डिसेबल्ड’ या गुणधर्माला दिली की उघडं राहायला हवं ते बटण बंद पडतं. म्हणून वाचताना ‘ट्रू’ या स्ट्रिंगशी थेट तुलना करा. सेटअ‍ॅट्रिब्यूटने डिसेबल्डला ‘फॉल्स’ दिलं तरी बटण बंदच. ते अ‍ॅट्रिब्यूट काढूनच टाकावं लागतं.

‘क्लिक झालं की’ हेही चुकीचं. क्लिकच्या हँडलरमध्येच, म्हणजे क्लिक होताच चालणाऱ्या कोडमध्येच, बटण बंद केलं तर क्रोममध्ये फॉर्म जातच नाही. हे काम फॉर्मच्या सबमिट इव्हेंटमध्ये करा.

खरी गफलत पुढे आहे. लोकलस्टोरेज ब्राउझरचं असतं, माणसाचं नाही. औसा किंवा जिंतूरच्या सेवा केंद्रात पीकविम्याच्या दिवसांत एकाच कॉम्प्युटरवर रांगेतल्या सगळ्यांचे फॉर्म भरले जातात. पहिल्या शेतकऱ्याचा अर्ज गेला की दुसऱ्याचं बटण बंद! आणि त्याच पहिल्याने घरी मोबाइलवरून पुन्हा भरला, तर अडवणारं कोणी नाही. म्हणजे अडकतो भलताच आणि दुबार अर्ज मात्र बिनधास्त आत जातो.

त्यात नेट गेलं तर? अर्ज सर्व्हरला पोचला, पण पावती परत आली नाही, असं होतं. बटण बंद ठेवावं तर न पोचलेला अर्ज अडकतो, उघडावं तर पोचलेला दुबार जातो. ब्राउझरला यातलं काहीच कळत नाही, सर्व्हरला कळतं. म्हणून फॉर्म उघडतानाच एक वेगळा टोकन, म्हणजे त्या फॉर्मचा खूण-क्रमांक, हिडन फील्डमध्ये (न दिसणाऱ्या रकान्यात) द्या, डेटाबेसच्या टेबलात त्या कॉलमला युनिक बंधन घाला, म्हणजे तोच टोकन दुसऱ्यांदा नोंदला जाणार नाही. तोच टोकन पुन्हा आला तर नवी नोंद न करता पहिलीच पावती परत पाठवा. एका हंगामात एका शेतकऱ्याचा जमिनीच्या एका गटातल्या एका पिकासाठी एकच अर्ज हवा असेल, तर शेतकरी, गट नंबर, पीक आणि हंगाम मिळून दुसरं युनिक बंधन घाला; मोबाइलवरून पुन्हा आलेला अर्ज तिथे अडतो.

एवढं झालं की नेट तुटल्यावर बटण बेलाशक उघडा, त्याच टोकनवर पुन्हा पाठवू द्या.