जुनापाणीचे दगड जुनापाणीलाच राहू द्या

गेल्या रविवारी बाबांना घेऊन काटोल रोडनं नागपूरजवळच्या जुनापाणीला गेलो. पंच्याहत्तरी उलटली त्यांची, सारा जन्म नागपूरच्या महाल भागात गेला, आणि इथली शिळावर्तुळं त्यांनी पहिल्यांदा पाहिली. काळ्या दगडांचं कडं, मधे मातीमुरुमाचा उंचवटा. एका दगडावर वाटीसारखे छोटे खळगे ओळीनं कोरलेले. बाबांनी त्यात बोट टेकवलं तर पेर नीट बसलं. बराच वेळ त्यांनी ते बोट उचललंच नाही.

अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची ही दफनं आहेत. आपल्याला शाळेत नागपूर सुरू होतं ते १७०२ पासून, बख्त बुलंद शहानं बारा गावं जोडून शहर वसवलं तिथून. त्या गोंड राजाचं ऋण मोठंच आहे. पण त्याच्याही कितीतरी आधी इथली माणसं लोखंड घडवत होती. जवळच्या माहुरझरीला तर माणसाबरोबर पुरलेला घोडा सापडला, तांब्याच्या दागिन्यांसकट! किती जीव असेल त्या घोड्यावर.

नागपुरात खुलं इतिहास उद्यान व्हायला हवं असं मी कित्येक वर्षं म्हणतोय. ते शहरातल्या एखाद्या बागेत, सिमेंटच्या प्रतिकृती मांडून नको. ते इथंच हवं. जुनापाणीचे दगड संरक्षित आहेत, अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. लोकांना ही अडचण वाटते, मला तीच सोय वाटते. करायचंय ते थोडंच: कुंपण धड करा, वर्तुळांना वळसा घालणारी पायवाट आखा, सोप्या मराठीत चार फलक लावा. आज एका वर्तुळाच्या ऐन मधून मोटारसायकलींची चाकोरी पडलीय. ती पाहून पोटात तुटलं.

आणि वाट दाखवायला गावातलीच माणसं पगारावर घ्या. आम्हाला तिथं शेळ्या चारणारे एक काका भेटले. बाबांनी विचारलं, हे काय आहे हो? "गोटेच तं आहेत जी," म्हणाले. पण लगेच काठी टेकत पुढं झाले, खळगे असलेले आणखी तीन दगड आम्हाला त्यांनीच दाखवले, एक तर पार गवतात दडलेला. गवत बाजूला सारून त्यांनी तळहातानं त्यावरची माती पुसली आणि बाबांना म्हणाले, "बसा जी इकडं, पाय दुखले असन."